आगवाल्याचा चेहरा

पुण्याला समुद्र नाही, तरी इथल्या एका संस्थेकडे बोटींचे जुने कागद कपाटं भरून आहेत. प्रवासाच्या नोंदवह्या, नकाशे, खलाशांच्या याद्या. प्रदर्शनासाठी त्यांना या कागदांवरून आठ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म हवी होती. स्वारगेटजवळच्या आमच्या छोट्या स्टुडिओत ते काम माझ्या वाट्याला आलं. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी वादळात बुडालेल्या एका मालवाहू बोटीची गोष्ट होती. वीस वर्षं मी जाहिरातीतला साबणाचा फेस आणि बिल्डरांच्या न बांधलेल्या इमारती पडद्यावर हलवत आले होते. पहिल्यांदाच वाटलं, आपण काहीतरी खरं करतोय.

स्कॅन केलेल्या यादीत अधिकाऱ्यांची नावं पूर्ण होती, सुवाच्य अक्षरात. शेवटच्या दोन पानांवर आगवाले, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारी माणसं. त्यांचं नुसतं पहिलं नाव, गाव आणि अंगठ्याचा ठसा. त्यांच्यावर एक प्रसंग करायचाच, असं मी ठरवलं. पण बोटीचं इंजिनघर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कात्रजला आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका लेकीकडे राहतात. वय पंच्याऐंशीच्या आसपास, सगळी नोकरी बोटीवर, इंजिनघरात झालेली. कच्चं काम लॅपटॉपवर घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

"हा मेला असता," बघता बघता ते म्हणाले.

"कोण?"

"तुमचा हा माणूस. बोट याच्याकडे कलतेय आणि यानं भट्टीचं दार उघडलंय. निखारे पायावर नाही का येणार?"

मग ते उठले. कोपऱ्यातला झाडू फावड्यासारखा धरला, एक हात सोफ्याच्या पाठीवर टेकवला. "कलली... थांबायचं. सरळ होतेय... आता उघडा, टाका, बंद." दोनतीनदा करून दाखवलं आणि धापा टाकत बसले. "माझ्या वेळी तेलावरच्या बोटी आल्या होत्या. हे मला म्हाताऱ्या आगवाल्यांनी शिकवलं. माझे वडील आगवालेच. मी पाळण्यात होतो तेव्हा गेले ते परत आले नाहीत. कुठली बोट, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याशेजारी आईचा फोटो. वडिलांचा कुणी कधी काढलाच नव्हता.

मी तेव्हाच लॅपटॉप मिटायला हवा होता. त्याऐवजी मी वडिलांचं नाव आणि गाव विचारलं. यादीत तेच नाव होतं, तेच गाव. "या नावाचे एका गावात चार असू शकतात, काका," मी म्हटलं, पण मलाच तसं असायला नको होतं, म्हणून हळू म्हटलं.

"असू देत," ते म्हणाले. "यांना चेहरा द्याल का?"

त्यांनी बोटीच्या नोकरीचं जुनं पुस्तक काढलं. त्यात त्यांचा बाविसाव्या वर्षीचा फोटो होता. त्यावरून मी दोन आठवडे तो चेहरा घडवला. गाल बसवले, कपाळावर काजळी दिली. दाखवला तर म्हणाले, "कान मोठे करा. माझे कान त्यांच्यावर गेलेत, असं आई म्हणायची." मी कान मोठे केले. चाळीस सेकंदांचा तो प्रसंग त्यांनी किती वेळा पाहिला, मी मोजलं नाही. मधेच म्हणाले, "आवाज बंद करा," आणि नुसतंच बघत राहिले.

पुढे संस्थेच्या समितीनं फिल्म पाहिली. "आगवाल्यांचं छान केलंय हो, पण लांबतंय. लोकांना वादळ हवं, कप्तान हवा." मी एकदा बोलून पाहिलं. दुसऱ्यांदा बोलले नाही. प्रसंग कापला.

उद्घाटनाला दहा दिवस होते. रोज ठरवायचे, आज काकांना सांगू. रोज लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्याचं बटण न दाबता वर माझ्या घरी जायचे.

उद्घाटनाला ते लेकीबरोबर रिक्षानं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. फिल्म पुन्हा पुन्हा लागत होती. पहिल्यांदा संपल्यावर त्यांची लेक माझ्याकडे आली. "बाबा म्हणतायत, त्यांचा मधेच डोळा लागला बहुतेक. परत लागेल ना?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काहीही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या वेळी ते पुढे वाकून, पापणी न हलवता बघत होते. तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा मी शेजारी जाऊन बसले.

"काका, तो भाग काढून टाकला."

"कुणी?"

"समितीनं."

"आणि तुम्ही?"

पडद्यावर कप्तान दुर्बिणीतून बघत होता. काकांनी लेकीला हात केला आणि ते उठले.

तो प्रसंग मोबाइलवर पाठवते, असं मी नंतर लेकीला म्हटलं. "नको, ताई," ती म्हणाली. "आता काहीच पाठवू नका."

महिन्याभरानं लिफ्टमध्ये काका भेटले. आम्ही दोघंच होतो.

"त्या यादीतला माणूस माझा बाप होता की नाही, तुम्हाला माहीत नाही ना?"

"नाही, काका."

"मलाही नाही." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "आधी डोळे मिटले की कुणीच दिसायचं नाही. आता तुमचा माणूस दिसतो. खरे वडील समोर येऊन उभे राहिले, तरी मी ओळखायचो नाही."

दुसरा मजला आला. ते भिंतीला धरून बाहेर पडले.

फिल्म अजून चालू आहे, शाळांच्या सहली येतात. मी पुन्हा बिल्डरांच्या इमारती करते. काका हल्ली खाली उतरत नाहीत, असं परवा वॉचमन म्हणाला. मी विचारायला गेलेले नाही.