नऊ सुतांचा इंच

दोष देशपांडेकाकांचा. पहिला नंबर त्यांचा, दुसरा भिकनमामांचा. तिसरा नंबर मी रिकामा ठेवलाय, कारण तो मला द्यायला मामा टपलेलेच आहेत!

सुरतेतल्या उधन्यात मामांचं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं वर्कशॉप. मी तिथे एक वर्ष काढलं. मशीनखाली ॲल्युमिनियमचा चुरा जसा आपोआप साठतो, तसे तिथले किस्से माझ्याकडे साठलेत. मित्रांत बसलो की कोणीतरी म्हणतंच, "ए, तो टेपवाला सांग ना!" मी सांगतो. ते हसतात. मला अजून एकदाही हसू आलेलं नाही.

डिप्लोमाचं दुसरं वर्ष मी अर्ध्यात सोडलं. मामा घरी येऊन आईला म्हणाले, "ताई, पोऱ्याला कशाला नुसते कागद रंगवायला लावतेस? माझ्याकडे पाठव. थोडे दिवस कापेल, मग माप घेईल." आईला भाऊ म्हणजे देव. आणि मला 'माप घेईल' एवढंच ऐकू आलं.

कारण आमच्या धंद्यात दोनच जाती. माप घेणारा आणि बाकीचे. कापणाऱ्याच्या केसात चुरा असतो, माप घेणाऱ्याच्या कानावर पेन्सिल असते. मला ती पेन्सिल हवी होती. आणि नाहीच मिळाली, तरी पुढच्या जूनमध्ये फॉर्म भरून कॉलेजात त्याच वर्गात परत बसता येणार होतं. तसं क्लार्कने स्पष्ट सांगितलं होतं, "जूनमध्ये ये. जून गेला की विसर."

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. टेपच्या टोकाला जो पत्र्याचा आकडा असतो, तो किंचित हलतो. हलायलाच पाहिजे! बाहेरून अडकवला की पुढे सरकतो, भिंतीला टेकवला की मागे जातो, म्हणजे आकड्याची स्वतःची जाडी मापात येत नाही. कॉलेजात हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

मामांनी नवा टेप कानाशी धरून हलवला. "कंपन्या कसा माल काढतात बघ! आत्ताच घेतला आणि आकडा खुळखुळतोय!" हातोडी घेतली, आकडा लोखंडावर ठेवला, ठोक ठोक, रिव्हेट घट्ट. मग हुरूप येऊन दुकानातले उरलेले चारही टेप 'दुरुस्त' केले.

मी म्हटलं, "मामा, तो मुद्दाम ढिला ठेवतात."

"मुद्दाम ढिले कोण ठेवतात माहितीये? तुमच्या कॉलेजचे मास्तर!"

सगळं वर्कशॉप हसलं. फक्त आप्पा हसले नाहीत. आप्पा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मिस्त्री, कोसाडहून रोज सायकलने यायचे. लिहिता-वाचता येत नाही. ॲल्युमिनियमची एक पट्टी भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या गाळ्यात धरायची, पेन्सिलने खूण करायची, संपलं. त्यांची एकही खिडकी चुकलेली मी पाहिली नाही. पण मामांनी त्यांना माप घेण्यावरून केव्हाच काढलं होतं. का? तर गिऱ्हाईकासमोर पट्टी घेऊन उभं राहिलं की आपण गावठी दिसतो!

* * *

आता देशपांडेकाका. बँकेत अधिकारी. मामांचं खातं त्यांच्या बँकेत, म्हणून वर्कशॉपमधल्या एकुलत्या एक खुर्चीवर संध्याकाळी ते. रद्दीच्या दुकानातून अमेरिकन हत्यारांची मासिकं आणायची, त्यातले रिव्ह्यू वाचायचे आणि आम्हाला ऐकवायचे, हा त्यांचा छंद. ड्रिल, करवत, रंधा, कशाचंही विचारा, काकांना स्टार पाठ! "ह्याला साडेचार. त्याला तीन. तो घेऊच नका." स्वतःच्या घरात हत्यार एकच, स्क्रूड्रायव्हर. तो तुपाचा डबा उघडायला.

एकदा त्यांच्या बाथरूमची कडी निखळली. चार स्क्रूचं काम. बोलावलं कोणाला? मला. मी गुडघ्यावर बसून स्क्रू पिळतोय आणि काका मागे उभे राहून चहा पीत बघताहेत. मला वाटलं, आता बरं काहीतरी बोलतील.

"तुझा स्क्रूड्रायव्हर तीन स्टारवाला दिसतोय रे."

* * *

एका संध्याकाळी काका एक पान घेऊन आले. मासिकातून कापलेलं, आणि चक्क लॅमिनेट केलेलं! डिजिटल टेप. पट्टीवरचे आकडे वाचायचेच नाहीत, डबीवरच्या काचेत आकडा उमटतो. पाचपैकी पाच स्टार.

मामांनी पान दोन्ही हातांनी धरलं. इंग्रजी येत नाही, पण स्टार मोजता येतात.

मी विचारलं, "काका, हे लिहिणारा कोण?"

"एक्स्पर्ट आहे."

"त्याने काय मोजलं?"

काकांनी चष्मा वर केला, ओळ शोधली. "स्वतःच्या किचनमधलं शेल्फ."

एक शेल्फ! आणि आमच्याकडे अडाजणच्या बिल्डिंगच्या अठ्ठेचाळीस खिडक्यांचं काम येऊ घातलेलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, उरलेला मजकूर पान चौऱ्याऐंशीवर. मी बोट ठेवलं. "काका, चौऱ्याऐंशी कुठंय?"

"अरे, मागच्या पानांवर सगळ्या जाहिरातीच असतात."

* * *

काकांच्या साडूंनी सिंगापूरहून टेप आणला. मामांनी त्याची पूजा मांडली. ठीक आहे, नव्या हत्याराची पूजा आम्ही करतोच. पण मामांचा उत्साह! नारळाचं पाणी शिंपडलं, ओलं कुंकू अंगठ्याने दाबून लावलं, तेही नेमकं बटणांवर. तीन बटणं होती. एक चालू-बंद. एक इंच-मिलिमीटर. आणि तिसऱ्यावर छोट्या डबीचं चित्र, शेजारी बाण. ते तिसरं कुंकवात असं चिकटलं की पुन्हा दबलंच नाही.

"मामा, हे कशाचं असेल? माहितीपत्रक बघा ना."

माहितीपत्रक जपानीत होतं. काका म्हणाले, "त्याची गरजच नाही, आपल्याकडे रिव्ह्यू आहे." आणि मामा म्हणाले, "एक बटण एक्स्ट्राच देतात. शर्टाला नाही देत?"

आप्पांना कौतुकाने टेप दाखवला, तर त्यांनी तो उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "आते मले काही ईचारू नका. ह्या डबाले ईचारा."

* * *

पहिलं काम बारडोलीला. एका डॉक्टरांच्या औषधांच्या कपाटाला सहा सरकत्या काचा. मामांनी आकडा कपाटाच्या कडेला अडकवला, टेप ओढला. काचेत उमटलं, तेवीस पॉइंट नऊ.

मामा मोठ्याने म्हणाले, "लिही! तेवीस इंच, नऊ सूत!"

आमच्याकडे सगळी मापं इंच आणि सुतात. एका इंचात सूत आठ. आख्ख्या सुरतेत आठ! आप्पा खालूनच म्हणाले, "भिकन, इंचमा आठ सूत ऱ्हातस. नववा कथाईन उना?"

नववा कुठून आला, म्हणून मामांनी टेप उलटून बघितला. मग म्हणाले, "आप्पा, फॉरेनचा माल आहे. तिकडचा इंच मोठा असतो!"

मी म्हटलं, "मामा, तो दशांश आहे. नऊ दशांश. नाहीतर मिलिमीटरवर टाका, गोंधळच नको." आणि बटण दाबून दाखवलं. मामांनी टेप हिसकावून परत इंचावर आणला. "दशांश कॉलेजात. ते तर सोडलंस ना? मग लिही."

लिहिलं. काचा आल्या, सहाच्या सहा जवळजवळ दोन सूत मोठ्या. काचेची तेवढीशी कड छाटायला गेलं की काच फुटते. दोन फुटल्या. डॉक्टर दाराशी उभे. मामा म्हणाले, "साहेब, हवेत ओल आहे. काच फुगली."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्यांचं काय काय फुगतं ते मी रोज पाहतो. काच पहिलीच."

आणि चीड ह्याची नाही. चीड पुढची आहे. आठ दिवसांनी देशपांडेकाका खुर्चीत बसून म्हणाले, "अहो भिकनराव, तो दशांश असतो!" त्यांनी कुठल्या दशांशाला किती सूत ह्याचा तक्ता करून आणला होता. तोही लॅमिनेट केलेला. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"बघ. ह्याला म्हणतात शिकलेला माणूस!"

* * *

लोक मला विचारतात, मग डिजिटल टेप घ्यावा की नाही? घ्या की! तो टेप माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही. त्या वर्कशॉपमध्ये खोटं न बोलणारे दोघंच होते, आप्पा आणि तो टेप, आणि दोघांचंही कोणी ऐकलं नाही. फक्त घेण्याआधी, तो चांगला आहे असं सांगणाऱ्याला एक विचारा, बाबा, तू स्वतः किती खिडक्या बसवल्यास? उत्तर न देता तो चहा मागवायला लागला, तर उठून घरी जा.

मी उठलो नाही.

* * *

जून आला. अडाजणची बिल्डिंग. बिल्डर जयेशभाई. मामांनी दिवाळीपासून आईला सांगून ठेवलेलं, "अडाजणला माप तुझा मुलगा घेणार." मी नवी पेन्सिलसुद्धा आणली होती. माप घ्यायच्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, "आता टेप आलाय. तू काप. पुढची बिल्डिंग तुझी."

"मग मी फॉर्म भरतो, मामा. शनिवारी शेवटची तारीख आहे."

"हे अठ्ठेचाळीस अर्धे टाकून जाणार? तुझ्या आईला काय तोंड दाखवू? फॉर्म काय, पुढच्या वर्षीही मिळतो."

मिळत नव्हता. मला माहीत होतं. तरी थांबलो. आई मध्ये आली की माझी बोलती बंद होते, हे मामांना माझ्या जन्मापासून माहीत आहे.

मापं मामांनी आणि काकांनी घेतली. काकांनी खास रजा काढली होती! पट्टीचं टोक एका भिंतीला, डबीची पाठ समोरच्या भिंतीला टेकवायची आणि काचेतला आकडा वाचायचा. मला कागद मिळाला आणि वाचताक्षणीच खटकला, एवढ्या अरुंद खिडक्या? दुपारी आप्पांची पट्टी घेऊन मी एका खिडकीच्या गाळ्यात धरली, खूण केली आणि ती जुन्या टेपने मोजली. माप कागदापेक्षा तीन इंच जास्त. दुसरीकडे धरली. तीन इंच. तिसरीकडे, तीन इंच. मग टेपची डबी मोजली. पाठीपासून तोंडापर्यंत बरोब्बर तीन इंच. ते कुंकवातलं बटण ही डबीची लांबी मापात धरण्यासाठी होतं!

मी धावत गेलो. "मामा, डबी धरलीच नाही. सगळ्या खिडक्या तीन-तीन इंच आखूड होणार!"

मामांनी काकांकडे पाहिलं. काकांनी लॅमिनेट केलेलं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "इथे स्वच्छ लिहिलंय, डबीची लांबी टेप आपोआप धरतो." वाक्य तिथेच पान संपून तुटलेलं होतं. बाकीचं चौऱ्याऐंशीवर.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "सुताची चूक एखाद्या वेळी होईल. तीन इंचांची चूक मशीन करत नाही. काप!"

आप्पा म्हणाले, "भिकन, पोऱ्या खरं सांगी ऱ्हायना."

"आप्पा, तुम्ही बसवायचं बघा."

मी कापलं. सोमवार ते शनिवार. अठ्ठेचाळीस.

पुढच्या मंगळवारी फिटिंग. आप्पांनी पहिली चौकट गाळ्यात ठेवली आणि हात काढून घेतला. एका बाजूला चार बोटं मोकळी. आप्पा म्हणाले, "भिकन, हाई खिडकी शे का फोटोनी फ्रेम?"

तेवढ्यात जयेशभाई वर आले. त्यांनी त्या फटीतून हात कोपरापर्यंत बाहेर घातला आणि खालच्या वॉचमनला टाटा केला. मग वळले.

"आमांथी तो कबूतर आवशे, भाई! बच्चां लईने आवशे!"

पिल्लं घेऊन आत येणाऱ्या कबुतरांना कोणी हसलं नाही. जयेशभाईंनी एकेक खोली फिरून पाहिली, परत आले, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माप कोणे लीधुं?"

काकांनी ते पान घडी करायचा प्रयत्न केला. लॅमिनेट केलेलं पान दुमडत नाही.

मामा माझ्याजवळ आले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने स्वतःच्या कानावरची पेन्सिल काढून माझ्या खिशात खोचली.

"आमच्या भाच्याने," ते म्हणाले.

"वस्तू पाच स्टारची आहे," काका म्हणाले, "पण वापरणारा हवा ना तसा!"

आप्पांनी तोंड उघडलं. मामा म्हणाले, "आप्पा, खाली जाऊन चहा सांगा."

फॉर्मची तारीख त्याआधीच्या शनिवारी गेली होती. त्यानंतर सुरतेत मला कोणी माप घ्यायला बोलावलं नाही. आता मी सुरतजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये कापडाचे तागे मोजतो. आकडा मशीन सांगतं, मी लिहितो. पेन्सिल तीच आहे.