सोजरबाईंची हजेरी

असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. पिंपळाखालची बाई, पैंजणांचा आवाज... पुरे की आता, असं व्हायचं. माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण घडलं ते घडलं. आणि सांगताना मला भीती कमी, रागच जास्त येतो. थोडा कॉलेजवर, बराचसा स्वतःवर.

मी तेर गावची. धाराशिवला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा 'समाजसेवा' हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा झाला. सेवा, आणि तीही सक्तीची! बेंबळी रोडवरच्या एका फाट्यापासून दोन किलोमीटर आत असलेलं एक गाव कॉलेजनं दत्तक घेतलं. दत्तक घेतलं म्हणजे वेशीवर बोर्ड लावला. प्रत्येकीनं तिथल्या एका निरक्षर माणसाला लिहायला शिकवायचं – मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते पाच, असे वीस तास. दर तासाला हजेरीवहीत शिकणाऱ्याचा अंगठा घ्यायचा, शेवटी ठिकाण दाखवणारा जिओ-टॅग फोटो. माझी पोलीस भरतीची तयारी चालू होती. संध्याकाळचं ग्राउंड बुडायचं, तेरची एसटी हुकायची. सरांना सांगितलं तर म्हणाले, "समाजासाठी आठवड्यातले दोन तास जड जातात का गं तुला?" स्वतः सर गावात एकदाच आले, बोर्डापाशी फोटो काढायला.

माझ्या वाट्याला सोजरबाई आल्या. साठीच्या, महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्य. पहिल्या दिवशी माझ्या आधीच शाळेच्या ओट्यावर पाटी घेऊन बसल्या होत्या.

"बाई, मला समदं नगं. निस्तं नाव शिकवा," म्हणाल्या. मी त्यांच्या नातीच्या वयाची, आणि मला बाई! "सभेत समदे सह्या करत्यात. माझ्यापाशी वही आली की न इचारताच शाईचं पॅड म्होरं सरकवत्यात, आन् हासत्यात. एकदा तरी त्यांच्या म्होरं सही करायचीय मला."

"होईल की आजी," मी म्हणाले, आणि मोबाईलमध्ये किती वाजले ते बघितलं.

तीन वेळा गेले. 'सो'पर्यंत आलो. त्यांचा हात इतका जड की पेन्सिली मोडायच्या. चौथ्या दिवशी ग्राउंडवर ट्रायल होती म्हणून गेले नाही. मग गेलेच नाही. वर्गातल्या निम्म्या पोरी हेच करत होत्या. सबमिशनच्या दोन दिवस आधी घरी निळं पॅड घेऊन बसले आणि उरलेल्या सतरा तारखांपुढं माझाच डावा अंगठा उठवला. काम फत्ते. वही बॅगेत टाकली.

दुसऱ्या दिवशी फोटोपुरती गावात गेले. दारात त्यांची सून, मनीषाताई.

"आत्याबाई गेल्या की. पंधरा दिस झालं. अटॅक आला."

फोटोसाठी काढलेला मोबाईल मी परत बॅगेत टाकला.

"दर मंगळवारी, शुक्रवारी ओट्यावर जाऊन बसायच्या. मी म्हनायचे, न्हाय येत आता ती पोरगी. तर म्हनायच्या, परीक्षा असंल तिची." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांनी चहाही केला. निघताना माझा नंबर घेतला आणि विचारलं, "तुमच्यापाशी त्यांच्या हातचं नाव लिव्हलेलं हाय का वो? आमच्यात कायबी न्हाय. जिथं बघावं तिथं अंगठाच."

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं.

फाट्यावर एसटीची वाट बघत वही काढली. मेलेल्या माणसाचे अंगठे आता कसे निस्तरायचे, एवढीच चिंता होती मला. चांगलं लख्ख ऊन होतं, साडेचार वाजले असतील.

पहिले तीन अंगठे सोजरबाईंचे, जिथल्या तिथं. त्यापुढं माझा एकही नव्हता.

चौथ्या तारखेपुढं वाकडातिकडा 'सो'. मग 'सोज'. दोन ठिकाणी 'र' उलटा. बाराव्या तारखेला नाव पुरं झालेलं. आणि शेवटच्या चार तारखा – म्हणजे त्या गेल्यानंतरच्या – सोजरबाई, सोजरबाई, सोजरबाई, सोजरबाई. सरळ, ठसठशीत.

कागद खरवडलेला नव्हता. वही बॅगेतून बाहेर निघाली नव्हती. आमच्या घरात कुणाला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही. माझ्या अंगठ्याला मात्र कालची निळी शाई अजून होती. ती बाकीची अक्षरं त्यांना शिकवली कुणी? मी तर नाही. खूप डोकं फोडलं, आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही.

गाव दोन किलोमीटर मागं होतं. एक पान फाडून मनीषाताईंना देता आलं असतं. पण वहीच्या प्रत्येक पानावर नंबर आणि कॉलेजचा शिक्का, पान कमी भरलं तर विषय नापास. एसटी आली. मी चढले.

पहिल्या दिवशी ओट्यावर एक फोटो काढला होता, तोच लावला. सरांनी वही चाळली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, वर्गात एकटीनं खरं काम केलंय!" टाळ्या पडल्या. वही रेकॉर्डला गेली. नंतर मागितली, तर मिळत नाही म्हणाले.

मागच्या महिन्यात मनीषाताईंचा फोन आला होता. वर्षश्राद्ध जवळ आलंय, आत्याबाईंच्या हातचं काही सापडलं का, म्हणून विचारत होत्या.

मी पुन्हा नाहीच म्हणाले.