राक्षसाचे खळे

आमच्या माळावरचे दगड देवाने राखले, ट्रॅक्टर आपोआप बंद पडला, असे घोटीच्या बाजारात आज कोणीही सांगेल. हे साफ खोटे आहे. ते दगड मी राखले, एका शब्दाने.

माळावर मोठमोठ्या दगडांचे वर्तुळ आहे. गाव त्याला राक्षसाचे खळे म्हणे. राक्षस तेथे भात मळत. नव्या भाताची पहिली ओंजळ बायका तेथे ठेवीत, म्हणजे घरची रास सरत नाही. हे खळे नव्हे, हे मी तेव्हाही सांगत होतो. खळ्याची जमीन सारवलेली असते, मधोमध बैल बांधायचा तिवडा रोवायला जागा असते. येथे आत नुसती गोट्यांची रास. विदर्भात अशी वर्तुळे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्याखाली हाडे, मडकी आणि लोखंडी अवजारे निघाली. नाशिकहून आलेले एक प्राध्यापक याला गुरांचा वाडा म्हणाले. "मग दार दाखवा," मी म्हणालो. ते चहा न घेता गेले.

नव्वदच्या दशकात बंधाऱ्याच्या ठेकेदाराची नजर त्या दगडांवर गेली. त्याचे गडी पहारी आणि ट्रॅक्टर घेऊन माळावर आले, तेव्हा मी आडवा गेलो. सरपंच हसून म्हणाले, "तात्या, राक्षस काय आता मळणीला येतोय व्हय?" सगळे हसले.

मी गड्यांकडे वळलो. "खळं नाय, मसण हाय ते. खाली माणसं पुरलीत. उचला आता."

पहारी खाली पडल्या. ट्रॅक्टर रिकामा परतला.

त्या वर्षी भात निघाला, पण माळावर एकही बाई फिरकली नाही. खळ्यावर दाणे ठेवतात, मसणात कोण ठेवणार? माझी पत्नी मात्र ओंजळ घेऊन निघाली. मी आश्चर्याने पाहिले, तेव्हा म्हणाली, "अहो, तुमचंच खरं झालं. पण मग त्यांच्याकडे आता कोणी जायचं?"

ती होती तोवर दर वर्षी जात राहिली. मुलगा अंबडला कारखान्यात आहे. दिवाळीला येतो, पण नातवंडांना माळावर जाऊ देत नाही. "पोरं घाबरतात, तात्या."

आता ओंजळ मी नेतो. बांधावरून जाणारे म्हणतात, म्हाताऱ्याने अखेर खळे मान्य केले. चूक. खळ्यावर मी एक दाणाही ठेवला नसता. खाली कोणीतरी निजले आहे, म्हणूनच ठेवतो. हे त्यांना ठणकावून सांगायला मी वळतो, तोवर बांध रिकामा झालेला असतो.