शेपटीचा ठिपका

चुडाव्याच्या टेसनावर गर्दीत मी आईचा हात सोडला आणि हरवले. सापडल्यावर तिनं आधी पाठीत धपाटा घातला, मग घरी आल्यावर काजळ आणि सुई घेऊन बसली. माझ्या डाव्या हातावर एकच ठिपका गोंदला. म्हणाली, "आता कुटंबी गेलीस तरी मी वळखीन." सुई टोचली तसा मी हात ओढला, म्हणून ठिपक्याला केसाएवढी शेपटी राहिली.

मोगलाईचे दिवस ते, निजामाचं राज्य. मला लवकरच पालमकडं दिलं. वर्ष व्हायच्या आत आई पटकीनं गेली, निरोप आला तोवर सगळं उरकलं होतं. सासरी कुणी जाच केला असं नाही, पण जवळही कुणी बसलं नाही. दळताना डावा हात खुंट्यावर आला की ठिपका समोर दिसायचा. मी त्याच्याशीच बोलायची.

मग दारात गोंदणारी आली. सासू म्हणाली, "किती रिकामा हात हाय. गोंदून घे. मेल्यावर तेवढंच संगं येतं."

मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, पाळणा आणि मोकळ्या जागेत नुसते ठिपकेच ठिपके. सूज उतरल्यावर बघते तर आईचा ठिपका सापडेना. कुणी पुसला नव्हता, होता तिथंच होता. मनगटाच्या वर चार बोटांवर, पण तिथंच तर सगळी दाटी. नजर माझी अशी की सुईत दोरा एका दमात जायचा. तरी एका ठिपक्याकडं बघावं तर शेजारचे मधे लुडबुडायचे, शेपटी काही दिसायची नाही. सासूचा लय राग आला. आणि भीती वाटली. हेच संगं जाणार असंल तर आई मला कशावरून ओळखणार?

एकदा पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी लावत होते. किडीनं भोक पाडलेलं एक पान हातावर पडलं. भोकातून एकटाच ठिपका दिसला. तो नव्हता. पान सरकवलं, पुढचाही नव्हता. सरकवत गेले आणि भोकात शेपटी आली. पान उचललं की गायब, ठेवलं की हजर.

सासू म्हणाली, "पानं लाव की. रडायलीस कामून?"

"डोळ्यात काय तरी गेलं," म्हटलं.

पुढं मन दाटून आलं की मी पान घेऊन बसायची.

आता डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेला बघायला लावते. पोरगी चांगली, पण भलती घाईची. काल एक ठिपका दाखवला, आज दुसराच. वर म्हणते, "आत्याबाई, सगळे सारकेच हायत की." मी करवादले.

तिला बजावून ठेवलंय, मला नेताना हातावर भोकाचं पान ठेव. हसली नाही. पान हातात घेऊन माझ्या हाताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ठिवते. पर नेमकं कुटं ठिवू?"

ते मलाही आता सांगता येत नाही.