वाटणीला आलेलं पेटंट

“आरामशीनची जितकी किंमत निघंल, तितकीच पेटंटची निघाली पाह्यजे. बाकी तुमी पाहून घ्या,” दामोदरजी म्हणाले.

मूल्यमापनाची ही पद्धत मला कोणी शिकवली नव्हती. मी नागपूरच्या एका अकाउंटंट फर्ममध्ये होतो. फर्मने मला चांद्याला पाठवलं होतं. दामोदरजी आणि त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव यांची लाकडं कापायची मिल, म्हणजे आरामशीन, होती. वासुदेव वारला. आता वाटणी होती. मिल दामोदरजींना, आणि पेटंट वासुदेवच्या बायकोला, गिरजाबाईंना. दोन्ही सारख्याच किमतीची आहेत, असं आमच्या रिपोर्टात यायचं होतं.

पेटंट म्हणजे काही वर्षांचा सरकारी मक्ता. ती वस्तू तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने बनवायची नाही. वासुदेवची वस्तू म्हणजे एकीवर एक फिरणाऱ्या पत्र्याच्या दोन चकत्या. सागवानी ओंडक्याचा घेर आणि लांबी जुळवली की खिडकीत घनफूट दिसायचे. मोठी देखणी होती. पण हाच हिशेब छापलेली पुस्तिका कुठल्याही लाकडाच्या डेपोत चार आण्याला मिळायची. हिशेबावर मक्ता मिळतच नाही. मक्ता होता तो फक्त चकत्या एकमेकींवर बसवायच्या खिळ्यावर.

“विकल्या किती?” मी विचारलं.

“आतापरेंत नाई. पण पुढं विकतीन ना! हिंदुस्थानात जंगलं काय कमी आहेत?”

गिरजाबाई दाराआड पदर घेऊन बसल्या होत्या. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, त्या थेट बोलत नसत. त्या मला म्हणाल्या, “साहेब, त्यायले विचारा, एवढी किमती आहे त स्वतः काऊन ठेवत नाई?”

“माझ्या भावाची आठवण आहे ते! त्याच्याच घरी नको का राह्यला?” दामोदरजींनी डोळे पुसले. डोळे कोरडेच होते.

उत्पन्न शून्य, म्हणून मी खर्चाकडे वळलो. “पेटंटवरचा खर्च किमतीतून वजा होतो. वर्षाला किती भरता?”

दामोदरजी खुलले. “एक पैसा नाई! सरकार दरसाल फी मांगत होतं. कोण भरंल असल्या खेळण्यापायी? वासुदेव होता तवाच बंद केली मी. म्हणजे वजा काईच नाई. किंमत वाढली ना?”

“फी भरली नाही की पेटंट संपतं,” मी म्हणालो. “तुमच्याकडे वाटायला पेटंटच उरलेलं नाही.”

दाराआडून बांगड्या वाजल्या. गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“साहेब, हे कागदावर लिवून द्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरधन्याले याच्यापायी मेहनत करताना मी पाह्यलं आहे. हे मेलेलं माझ्या पदरात घालून मले घराबाहेर काढून राह्यले हे लोक.”

मी लिहिलं आणि एक प्रत त्यांना दिली. किंमत: शून्य.

नागपुरात सीनियर पार्टनरनी रिपोर्ट टेबलावर आपटला. “शून्य? शून्याची फी कोणता क्लायंट देतो?”

“पेटंट संपलंय, सर.”

“ते कायद्याचं झालं. आपण भविष्याचं बोलतोय!”

मग त्यांनी स्वतः भविष्य लिहिलं. देशातला प्रत्येक डेपो चकती घेणार, दरवर्षी जास्त घेणार. शेवटी उत्तर मिलच्या किमतीइतकंच आलं, आण्यापैशासकट. इतकी नेमकी भविष्यवाणी ज्योतिषालाही साधली नसती. फर्मला फी मिळाली. माझ्याकडून पुढची दोन कामं काढून घेतली.

पण गिरजाबाईंनी वाटणीपत्रावर सही केली नाही. फी बंद केल्याचं भासऱ्यांचं बोलणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि माझा कागद त्यांच्या भावाने वकिलाला दाखवला होता. कोर्टाचं नाव निघताच दामोदरजी नरमले. अर्धी मिल गिरजाबाईंच्या नावावर झाली. भविष्याचा तो रिपोर्ट मात्र आमच्या ऑफिसात नवीन पोरांना नमुना म्हणून दाखवत असत.

पुढे मी पुष्कळ पेटंटांच्या किमती काढल्या. मालकाला मी आधी एकच विचारत असे, “हे चालू ठेवायला तुम्ही स्वतः किती भरता?” ज्यांना त्या प्रश्नाचा राग येई, त्यांचं काम लवकर आटपायचं; शून्य लिहायला कितीसा वेळ लागतो?