सत्यशीला सिस्टरची कावीळ

कावीळ ही कल्पना नलूबाईंची. सून नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती आहे, हे लोहाऱ्याच्या वस्तीत सांगण्यापेक्षा त्यांनी जीभ हासडून दिली असती. त्यांनी विहारातल्या बायकांना सांगितलं, सत्यशीलाला कावीळ झाली, माहेरी राळेगावला पाठवली, पथ्यपाणी आईच्या हातून नीट होतं. वस्तीत ते खपून गेलं. मग त्यांच्या मुलानं, राजदीपनं, तेच यवतमाळच्या दवाखान्यात फोन करून सांगितलं, आणि तिथं गाडी अडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कावीळ सांगता येते. जिथं बायको सिस्टर आहे आणि रोज ऑपरेशनं होतात, तिथं कावीळ सांगायची नसते. पण राजदीप एमआयडीसीतला ठेकेदारीवरचा फिटर. त्याला हे कुठून कळावं?

सत्यशीला कामावर परतली त्या सकाळी दारातच हंसामावशीनं फरशी पुसायचं थांबवून तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"आली का वं सिस्टर! डोळे तं पांढरेफट दिसून राह्यले. कावीळवर कोणाची मुळी घेतली?"

"आईनं आणलती, मावशी."

"ताकातून घेतली का दुधातून?"

"ताकातून," सत्यशीलानं ठोकून दिलं.

"मंग बरं. दुधातून उलटते ते. माह्या जावेले उलटली, तं बिचारी मानोऱ्यापर्यंत उलट्या करत गेली."

सत्यशीला हसली. हसताना तिनं बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून घेतल्या.

तिचं व्यसन दारूचं नव्हतं, म्हणून कुणाला कधी वास आला नाही. पेशंट उचलता उचलता कंबर धरली, त्यावर एकदा इंजेक्शन घेतलं, मग पुन्हा घेतलं. कंबर कधीच बरी झाली, इंजेक्शन सुटलं नाही. ऑपरेशनच्या पेशंटला दुखू नये म्हणून देतात तेच हे, कुलपाच्या कपाटातलं. पेशंटला देऊन उरलेलं फेकून द्यायचं असतं. ते ती फेकेना. आणि एक दिवस काहीच उरणार नव्हतं, तेव्हा पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका म्हातारीला तिनं अर्धंच दिलं. म्हातारी दुपारभर कण्हत होती. सत्यशीलानं तिच्या मुलाला सांगितलं, "दवा देल्ली आहे दादा, थोडं सोसा लागते." हे तिनं नागपूरच्या समुपदेशकालासुद्धा सांगितलं नव्हतं.

नोकरी गेली तर घर कसं चालणार, हा एक प्रश्न होता. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार गेली, तर रजिस्ट्रेशनच जाईल. मग ती कुठेच सिस्टर राहणार नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यासुद्धा तिला नावानं नाही, सिस्टर म्हणूनच हाक मारत. ती हाक गेली की मागे काय उरतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला. सत्यशीला सिस्टरला वॉर्डात लावण्याआधी रक्त तपासा. कोणत्या प्रकारची कावीळ होती ते कळलं पाहिजे, सुईतून दुसऱ्याला जाणारी असेल तर कठीण.

रक्तात काही निघणार नव्हतं, हे सत्यशीला जाणून होती. भीती रक्ताची नव्हती, हाताची होती.

"लॅबवाला पोरगा जेवाले गेला. ये, मीच काढतो," असं म्हणत बेबीताई तिला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेल्या. बेबीताई म्हणजे दवाखान्याच्या इन्चार्ज सिस्टर. सत्यशीलाला सलाइन लावायला त्यांनीच शिकवलं होतं. तान्ह्या लेकराची शीर पहिल्या टोचणीत सापडावी, असा त्यांचा हात.

"बाही वर कर."

"ताई, उद्या काढलं तं?"

"उद्या काय मुहूर्त आहे का? कर."

बेबीताईंनी दंडाला रबरी पट्टा आवळला. कोपराच्या लवणीत बोट दाबलं, सरकवलं, पुन्हा दाबलं. बोट थांबलं. कातडीखालच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या.

"दुसरा हात दे."

दुसऱ्या हाताची तीच गत. पट्टा अजून आवळलेलाच होता. समोर ट्रेमध्ये सिरिंज होती. सत्यशीलाची नजर त्या सिरिंजवर गेली ती हलेना, आणि तोंडाला पाणी सुटलं. भुकेल्याला सुटावं तसं. या गोष्टीची तिला जी लाज वाटली, तशी शिरांचीही वाटली नव्हती.

बेबीताईंनी पट्टा सोडला. उठून दार लोटलं.

"कावीळ व्हय का वं हे?"

सत्यशीला बाह्या खाली करू लागली.

"मी विचारून राह्यली. कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या, ताई."

"माह्या नाकाखाली!" बेबीताईंनी कपाळावर हात मारला. "अन् मी बायायले सांगतो, सत्यशीलासारखं काम करा म्हणून. वा वं बाई!" मग आवाज उतरला. "आता?"

"आता नाई. नागपूरले होती मी. सोडलं."

"सुटलं का सोडलं?"

"सोडलं," सत्यशीला म्हणाली. सुटलं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

बेबीताईंनी तिच्या पायाच्या शिरेतून रक्त काढलं, नळीवर नाव घातलं. "मी काई पाह्यलं नाई. साहेबायले रिपोर्ट जाईल, रिपोर्टात काई निघत नाई. उद्यापासून तू वॉर्डात." असं म्हणून त्यांनी कमरेची चावी काढली. त्या दवाखान्यात इंजेक्शनांच्या कपाटाची चावी टेबलावर ठेवायची रीत नव्हती. ड्यूटी बदलताना ती हातातून हातात जायची, आणि ज्या सिस्टरवर भरवसा तिच्याच हातात. "हे घे. माह्या भरवशाले जागजो."

सत्यशीला दोन पावलं मागे सरली. रागावलेल्या बेबीताई तिला झेपल्या असत्या. ही माया झेपेना.

"ताई, मले देऊ नका."

"काहून?"

"माह्यानं नाई होनार. आता पट्टा बांधला होता ना तुमी... मले रक्त नोको होतं. मले ते इंजेक्शन पाहिजे होतं."

"अवं पन चावी नाई घेतली तं वॉर्ड कसा सांभाळशीन? साहेब विचारतीन ना, काहून घेत नाई म्हनून. काय सांगू? अजून कावीळ आहे?"

खरं काय ते सांगायला सत्यशीला स्वतःच डॉक्टरांच्या केबिनकडे चालू लागली. बेबीताई मागून दबक्या आवाजात ओरडल्या, "पागल झाली का वं! थांब!" ती थांबली असती तर पुन्हा निघाली नसती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत, आणि त्यामुळे तिला आशा वाटू लागली. मग त्यांनी विचारलं, "एकच सांगा. माझ्या कुठल्या पेशंटचं औषध कमी केलं होतं का?"

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. म्हातारी टाके काढून केव्हाच घरी गेली होती. सत्यशीलाचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलंसुद्धा.

"हो सर," ती म्हणाली. "एका आजीचं. अर्धं दिलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मी तुम्हाला पेशंटजवळ ठेवू शकत नाही. कौन्सिलला कळवायचं की नाही, ते मी आज ठरवणार नाही. तोवर यायचं असेल तर ऑपरेशनची हत्यारं धुवायला, निर्जंतुक करायला वाफेवर लावायला या. पगार त्या कामाचा मिळेल. स्टाफला खरं काय ते सांगावं लागेल."

"कधीपर्यंत, सर?"

"मला माहीत नाही."

सत्यशीला तशीच वाफेच्या खोलीत गेली. तिथं ऊन थेट भिंतीवर पडतं, दम कोंडतो. हत्यारं धुऊन, कापडात गुंडाळून डब्यात भरेपर्यंत दवाखान्यात बातमी फिरून आली होती. दारावरून जाणाऱ्या सिस्टर बोलणं थांबवून जात. बेबीताई तेवढ्या आत आल्या.

"ते आजीचं कायले सांगतलं वं? ते तं मलेबी माईत नव्हतं."

"त्यायनं विचारलं."

"विचारलं म्हने!" बेबीताईंचे डोळे मायेनं भरले होते, की संतापानं, ते कळेना. त्या तशाच बाहेर गेल्या.

संध्याकाळी राजदीपचा फोन आला. मागे कारखान्याचा खडखडाट होता.

"काय झालं? कोनाले माईत तं नाई पडलं?"

"सर्वायले पडलं."

"नोकरी?"

"आहे. सिस्टरची नाई."

"मंग उद्या?"

"उद्या येतो म्हनून सांगतलं मी त्यायले," सत्यशीला म्हणाली. फोन तिनं खांद्यात धरला आणि दोन्ही हातांनी वाफेच्या डब्याचं झाकण आवळून घेतलं. "आईले सांग, विहारात कोनी विचारलं तं आता खरं सांगा. ठेव फोन, वाफ चढून राह्यली."