पंख्याचा हिरवा दिवा

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. गाड्यांचं वायरिंग हा त्यांचा धंदा, आणि आपली वायर कधी कुणाच्या नजरेस पडत नाही ही त्यांची फुशारकी. टेप इतकी गुळगुळीत गुंडाळायचे की जोड बोटालाही लागू नये. कामात हात साफ, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "मला शिकवू नका." हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि ते मी कधी लपवलंही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा दारातच घंटीचं बटण खोलून बसले आणि विचारलं, "हे कुठल्या गाढवानं बसवलंय?" बसवलं होतं बाबांनी.

ताईची एक जुनी गाडी होती. उपचारांसाठी वरचेवर दवाखान्यात जावं लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ती त्या गाडीतून ने-आण करायची. इंजिनाचा पंखा आपोआप सुरू व्हायचा बंद पडला. उष्णता दाखवणारा काटा तर कधीचाच झोपला होता. मेकॅनिकनं बजावलं की इंजिन एकदा जरी उकळलं तरी गाडी भंगारात. म्हणून दाजींनी स्टिअरिंगशेजारी पंख्याचं बटण बसवलं आणि ते दाबायचं राहू नये म्हणून त्याच्यावर हिरवा दिवा.

तेव्हा मी तिथंच होते. ताईनं साधा प्रश्न विचारला, "हा दिवा पंखा फिरतोय म्हणून लागतो, की मी बटण दाबलं म्हणून?"

"बटणावरूनच घेतलाय. पंख्यापासून वायर आणायची तर इंजिन आणि सीटच्या मधल्या पत्र्याला आणखी एक भोक पाडावं लागेल. घाणेरडं दिसतं."

"पण मधेच पंखा बंद पडला तर?"

"माझ्या हातचा पंखा बंद पडत नाही. मला शिकवू नकोस."

ताई गप्प बसली. मीही बसले, त्याचा राग मला आजही माझा मलाच येतो.

दोन महिन्यांनी भर दुपारी चढावर गाडीतून वाफ निघायला लागली. शेजारी मी होते, मागे एक आजोबा. आजोबांना रिक्षात बसवून दिलं आणि ताईनं दाजींना फोन केला. आले. झाकण उघडून पंख्याचा फ्यूज काढला, जळलेला होता. नवीन घातला, पंखा गरगरा फिरला.

"फ्यूज उडाला, तेव्हाच दिवा विझला असणार," ते म्हणाले. "तू बघितलंच नाहीस."

"दिवा चालू होता," ताई म्हणाली.

"फ्यूज उडाल्यावर दिवा लागेलच कसा? जरा डोकं वापर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाजी, तुम्हीच तर बटणावरून घेतला होता! पंख्याचा फ्यूज उडाला तरी तो लागणारच!"

"तुला वायरिंगमधलं काय कळतं?"

मी दिव्याकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर तिथंच त्यांचं तोंड बंद केलं असतं. गॅरेजात सगळ्यांच्या देखत त्यांनी तेच ऐकवलं. बायको गप्पा मारत गाडी हाकत होती, दिवा विझला तरी पत्ता नाही. मेकॅनिकनं इंजिन खोललं आणि मान हलवली. संपलं होतं.

गाडीचं दुःख ताईनं गिळलं असतं. पण ते बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. दवाखान्यानं तिला त्यांची गाडी चालवायला बोलावलं होतं, पक्की नोकरी. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हणून कळवायचं तिनं ठरवलं.

"उन्हात मला दिसलाच नसेल गं दिवा," ती मला म्हणाली. "समोरचा दिवा जिला दिसत नाही, तिनं आजारी माणसं नेऊ नयेत."

वीस वर्षं जिच्या गाडीला साधा ओरखडा आला नाही, ती बाई हे बोलत होती. मला दाजींची मानगूट धरावीशी वाटली.

शनिवारी सकाळी मी ताईला ओढतच गॅरेजात नेलं. भंगारवाला दुपारी येणार होता, बॅटरी अजून गाडीतच होती. "मी फ्यूज काढते, तू बटण दाब," मी म्हटलं. "दिवा लागला की तू खरी आणि दाजी खोटे."

मी फ्यूज काढला. ताईनं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं. नाही. मी फ्यूज परत बसवला तर पंखाही फिरला आणि दिवाही लागला. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणत होते तसंच झालं होतं.

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत आला. "ताई, तुमचे मिस्टर परवा दोन तास या गाडीत बसून होते. इंजिन गेलेल्या गाडीत कसलं काम काढलं होतं हो त्यांनी?"

ताई खाली वाकली आणि तिनं बटणाखाली हात घातला. कोरी करकरीत टेप. त्या टेपमधून एक नवी वायर पत्र्याला पाडलेल्या ताज्या भोकातून पलीकडे पंख्याकडे गेली होती. भोकाखाली लोखंडाचा कीस अजून तसाच पडला होता.

मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. ताईनं भोकाखालचा कीस बोटांनी गोळा केला.

"मला वाटत होतं, ते खरं समजूनच बोलतायत," ती म्हणाली.

मग तिनं पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोरच दवाखान्यात लावला.

"हो, मीच बोलतेय. सोमवारपासून येते," ती म्हणाली. "आणि राहायची सोय आहे म्हणाला होतात, ती अजून आहे का?"